फ्रेंचचा प्रेझेंट टेन्स मराठीतून शिका, इंग्रजीतून नको

अकरावीला मी फ्रेंच घेतलं ते मार्क चांगले पडतात म्हणून, आणि पडलेही. एकेका व्हर्बचं टेबल घडाघडा म्हणायचे. मग काही वर्षांनी डेल्फ ए-वनची, म्हणजे फ्रेंचच्या सगळ्यात पहिल्या पातळीची परीक्षा द्यायची म्हणून परत नीट शिकायला बसले तेव्हा लक्षात आलं की टेबलं अजून पाठ आहेत पण ऑडिओतला माणूस एकाबद्दल बोलतोय की चौघांबद्दल तेच कळत नाहीये, आणि स्वतः बोलायला गेलं की वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं, मग त्याचं फ्रेंच होतं आणि तिथेच सगळं घसरतं. आता ओळखीतल्या नात्यातल्या मुलांना सुरुवातीचं फ्रेंच मी शिकवते, कोणी अकरावीचे, कोणी कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहण्याच्या परवान्यासाठी, टेफ ही फ्रेंचची परीक्षा देणारे, आणि सगळ्यांना पहिल्या दिवशी हेच सांगते की प्रेझेंट टेन्स डोक्यात मराठी ठेवून शिका, खूप गोष्टी आपसूक जमतात. जिथे मराठीच आडवी येते अशा जागाही आहेत, त्याही सांगते.

आधी उच्चारांबद्दल थोडं, कारण इथे मी फ्रेंच शब्द आपल्या लिपीतच लिहिणारे. "ज" म्हणजे इंग्रजी बातम्यांत टेलिव्हिजन म्हणताना शेवटी जो घासलेला ज येतो तो. "झ" म्हणजे आपल्या "माझा"मधला. "त्यु" म्हणताना ओठ शिट्टी मारल्यासारखे गोल करायचे आणि आतून ई म्हणायचं. अनुस्वार किंवा चंद्रबिंदू दिसला की आवाज नाकातून, तिथे न किंवा म स्पष्ट म्हणायचा नाही. र घशातून. शंभर टक्के बरोबर उच्चार कुठल्याच लिपीत येत नाही, त्यामुळे प्रत्येक शब्द एकदा मोबाईलवर ऐकून घ्या.

पायरी १: हा टेन्स नक्की कशाला वापरायचा

इंग्रजीत "मी खातो" आणि "मी खातोय" हे दोन वेगळे टेन्स, आणि ते आपल्या शाळेत इतके घोटवलेले असतात की फ्रेंच बोलताना पण माणूस "असणे"चं रूप आणि पुढे "खाणे" असं जोडायला जातो. "ज स्वी माँजे" असं वाक्य नव्वद टक्के नवीन मुलं पहिल्या आठवड्यात बोलतात. ते चूक आहे. फ्रेंचमध्ये "ज माँज" एवढंच, आणि त्याचा अर्थ मी खातो, मी खाते, मी खातोय, मी खातेय सगळं. आणि हो, बाई बोलतेय की पुरुष याने प्रेझेंटचं रूप बदलत नाही, म्हणजे करतो-करते ही आपली भानगडच नाही.

आता मराठीचा फायदा बघा. "मी ३ वर्षांपासून पुण्यात राहतो" हे इंग्रजीत सांगायचं तर वेगळाच लांबलचक टेन्स लागतो. आपल्याकडे साधं "राहतो". फ्रेंचमध्येही साधा प्रेझेंटच: "जाबित आ प्युन दप्वी त्रवाझाँ". "दप्वी" म्हणजे आपलं "पासून". गोष्ट तेव्हा सुरू झाली आणि अजून चालूच आहे, मग वर्तमानकाळ. इंग्रजीतून गेलात तर इथे भूतकाळ घालाल आणि अर्थच बदलेल.

तसंच "उद्या मी नाशिकला जातेय" यात आपण भविष्यकाळ कुठे वापरतो, फ्रेंच लोकही वापरत नाहीत, "दमँ" म्हणजे उद्या हा शब्द आहे ना वाक्यात, मग पुरे. आणि गोष्ट सांगताना "महाराज वेषांतर करतात, गडावरून उतरतात" असं आपण इतिहासही वर्तमानात सांगतो, तेही फ्रेंचमध्ये जसंच्या तसं चालतं.

मराठी कुठे फसवते तर "झोपलाय" मध्ये. "बाबा झोपलेत" हे आपण झालेल्या क्रियेच्या रूपात बोलतो, फ्रेंचला ते आत्ता चालू असलेलं वाटतं, म्हणून "मों पेर दोर", सरळ प्रेझेंट. कोणी हाक मारली की आपण "आलोच!" म्हणतो, अजून खुर्चीतून उठलोही नसतो तरी भूतकाळ. फ्रेंच माणूस तिथे "जारीव!" म्हणतो, म्हणजे शब्दशः "येतोय". आणि "तू आलास तर" यात आपण आलास म्हणतो, फ्रेंचमध्ये "सी" म्हणजे जर, आणि त्याच्यामागे प्रेझेंट: "सी त्यु व्यँ". त्या "सी"नंतर भविष्यकाळ कधीच घालायचा नाही.

खरंच ठासून सांगायचं असेल की आत्ता या क्षणी करतेय, मधे बोलू नका, तर "एत्र आँ त्रँ द" असं एक आहे: "ज स्वीझाँ त्रँ द माँजे". पण हे गरज असेल तेव्हाच, प्रत्येक "-तेय"ला लावत बसू नका, कानाला फार जड लागतं.

पायरी २: कर्ता खायचा नाही

मराठीत "येतो" म्हटलं तरी कळतं कोण. फ्रेंचमध्ये "ज", "त्यु", "इल" टाकावंच लागतं. कारण पुढच्या पायरीत दिसेलच, बहुतेक रूपं कानाला सारखी आहेत. पूर्वी ही शेवटची अक्षरं बोलली जायची, हळूहळू आवाज झिजले, लिहिण्यात राहिले, आणि मग कोण करतंय ते सांगायचं काम कर्त्यावर येऊन पडलं.

ज म्हणजे मी. त्यु म्हणजे तू. इल तो, एल ती. नू आम्ही. वू तुम्ही, आणि आपल्यासारखंच ते एका मोठ्या माणसालाही चालतं आणि अनेकांनाही, हे इंग्रजीतून शिकणाऱ्याला समजावायला वेळ लागतो, आपल्याला लागत नाही. फरक एवढाच की आपल्याकडे बऱ्याच घरांत आईला तू आणि बाबांना तुम्ही असतं, फ्रेंच घरात सहसा दोघांनाही त्यु. सर-मॅडम, दुकानदार, अनोळखी माणूस, तिथे वू.

इल, एल हेच लिहिताना शेवटी एस लावला की ते आणि त्या. तो एस ऐकू येत नाही.

आणि "ओं". हा शब्द पुस्तकात कोपऱ्यात असतो पण बोलण्यात सगळीकडे. आपल्या "आपण"च्या खूप जवळचा. "ओं नी वा" म्हणजे चला, जाऊया. "ओं पार्ल फ्राँसे इसी" म्हणजे इथे फ्रेंच बोलतात. रोजच्या बोलण्यात लोक नूच्या जागी ओं वापरतात. फक्त रूप मात्र इल-एलचं, म्हणजे एकवचनी.

इथेच आपली सगळ्यात पक्की मराठी चूक होते आणि ती मला कुठल्या पुस्तकात लिहिलेली दिसली नाही. आपण आदराने एका माणसाला अनेकवचन लावतो. बाबा येतात, सर शिकवतात, आजोबा म्हणतात. म्हणून मुलं "मों पेर व्येन" बोलून जातात, म्हणजे वडिलांना अनेकवचन. फ्रेंचमध्ये माणूस कितीही मोठा असो, राष्ट्राध्यक्ष असो, तो एक असेल तर रूप एकवचनी: "मों पेर व्यँ". आदर फक्त समोरासमोर, वू म्हणून. मागे बोलताना नाही. सुरुवातीला हे फार उद्धट वाटतं, सवय होते.

पायरी ३: ई-आरवाली व्हर्ब्स

फ्रेंचमधली साधारण ९०% व्हर्ब्स ई-आरने संपतात, उच्चार "ए". पार्ले बोलणे, माँजे खाणे, एमे आवडणे, त्रावाये काम करणे, आबिते राहणे. नवीन शब्द तयार झाला तरी याच गटात जातो. म्हणून हा एक साचा बसला की प्रचंड काम झालं.

ई-आर काढून टाका आणि लिहिताना क्रमाने लावा: ज ला ई, त्यु ला ई-एस, इल-एल-ओं ला ई, नू ला ओ-एन-एस, वू ला ई-झेड, अनेकवचनी इल-एल ला ई-एन-टी.

आता ऐका कसं लागतं: ज पार्ल, त्यु पार्ल, इल पार्ल, नू पार्लों, वू पार्ले, इल पार्ल. लिहिताना पाच वेगवेगळी रूपं, कानाला तीनच. नूच्या जागी ओं वापरलंत तर दोनच! शेवटचा ई-एन-टी अजिबात म्हणायचा नाही, "पार्लाँत" वगैरे कोणी म्हणत नाही, आणि इथे चूक करणारे खूप आहेत कारण डोळ्याला ती तीन अक्षरं दिसत असतात. म्हणून माझा आग्रह असतो की पहिले चार दिवस वही उघडायची नाही, तोंडीच म्हणायचं.

व्हर्ब स्वरापासून सुरू होत असेल तर ज त्याला चिकटतो, ज आणि एम मिळून "जेम". आणि नू, वू, अनेकवचनी इल यांचा मुका एस झ होऊन जागा होतो: नूझेमों, वूझेमे, इल्झेम. त्याला आवडतं "इलेम", त्यांना आवडतं "इल्झेम". मधला झ ऐकला की समजायचं अनेक आहेत.

स्पेलिंगचे काही लहान बदल आहेत, ते सगळे आवाज सांभाळायला केलेले आहेत एवढं लक्षात ठेवलं की पाठ करावे लागत नाहीत. माँजेच्या नू रूपात जी नंतर ई ठेवतात, कारण तो काढला तर जी चा ग होईल आणि "माँगों" वाचलं जाईल. कॉमाँसे म्हणजे सुरू करणे, त्यात सी खाली शेपटी लावतात, नाहीतर क वाचतील. आप्ले आणि आश्ते, म्हणजे बोलावणे आणि विकत घेणे, यांच्यात ज, त्यु, इल आणि अनेकवचनी इल या चार ठिकाणी आतला स्वर उघडतो: जापेल, जाशेत. पण नू-वू मध्ये परत बंद: नूझाप्लों, नूझाश्तों. टेबलमध्ये ही चार घरं रंगवली तर बुटाचा आकार होतो, म्हणून याला बूटवाली व्हर्ब्स म्हणतात. "ज माप्पेल" म्हणजे माझं नाव अमुक, हे तुम्ही पहिल्या दिवशी शिकलात ते याच बुटातलं.

पायरी ४: चार मोठी माणसं

एत्र असणे, आव्वार जवळ असणे, आले जाणे, फेर करणे. यांना नियम लावायला जाऊ नका, घरातल्या मोठ्या माणसांसारखी ती आपल्या पद्धतीने चालतात आणि त्यांच्याशिवाय पानही हलत नाही.

एत्र: ज स्वी, त्यु ए, इल ए, नू सॉम, वूझेत, इल सों.
आव्वार: जे, त्यु आ, इला, नूझावों, वूझावे, इल्झों.
आले: ज वे, त्यु वा, इल वा, नूझालों, वूझाले, इल वों.
फेर: ज फे, त्यु फे, इल फे, नू फझों, वू फेत, इल फों.

"इल सों" आणि "इल्झों" यात फरक फक्त स आणि झ चा आहे. पहिलं "ते आहेत", दुसरं "त्यांच्याकडे आहे". आरशासमोर वीस वेळा म्हणा, गमतीत नाही सांगत, ऐकण्याच्या पेपरात या दोघांवरून उत्तरं चुकतात, आणि डेल्फ ए-वनला १०० पैकी २५ मार्क ऐकण्याचे असतात.

आव्वारबाबत एक. वय फ्रेंचमध्ये "असणे"ने सांगत नाहीत, "जवळ असणे"ने सांगतात: "जे वँताँ", माझ्याकडे २० वर्षं आहेत. आपल्याला भूक "लागते", त्यांच्याकडे भूक "असते": जे फँ. तहान जे स्वाफ. इंग्रजीतून आलेला इथे "ज स्वी" लावतो. आपण तरी निदान "मला भूक लागलीये" म्हणतो, भूक ही माझ्यापासून वेगळी वस्तू आहे हे आपल्याला पटलेलं आहे, त्याचाच उपयोग करा.

पायरी ५: अनेकवचनात व्यंजन परत येतं

आय-आर आणि आर-ईवाल्या व्हर्ब्सची टेबलं पुस्तकात पानंच्या पानं असतात. मला ती एकेक करून पाठ करायला लावली होती, आणि मी मुलांना ती तशी देत नाही. त्याऐवजी एकच गोष्ट कानात बसवा, की एकवचनात शेवटचं व्यंजन गिळलेलं असतं आणि अनेकवचनात ते परत तोंडात येतं.

वाँद्र, विकणे. तो विकतो "इल वाँ", ते विकतात "इल वाँद". पार्तीर, निघणे: "इल पार", "इल पार्त". दोर्मीर, झोपणे: "इल दोर", "इल दोर्म". मेत्र, ठेवणे: "इल मे", "इल मेत". दीर, सांगणे: "इल दी", "इल दीझ". साव्वार, माहीत असणे: "इल से", "इल साव". ब्वार, पिणे: "इल ब्वा", "इल ब्वाव". काहींत स्वरही बदलतो, प्राँद्र म्हणजे घेणे: "इल प्राँ", "इल प्रेन", आणि व्हनीर म्हणजे येणे: "इल व्यँ", "इल व्येन". इल आणि इल सारखंच ऐकू येतंय, मग एक की अनेक हे कळायचा आधार हे व्यंजन! मला हे समजलं त्या दिवशी ऑडिओ उलगडायला लागला.

फिनीर म्हणजे संपवणे, या गटात साधारण ३०० व्हर्ब्स आहेत. एकवचन तिन्ही "फिनी", मग नू फिनीसों, वू फिनीसे, इल फिनीस. अनेकवचनात परत येणारं व्यंजन इथे स. श्वाझीर निवडणे, राँप्लीर भरणे, रेउसीर यशस्वी होणे याच साच्यात. आणि रंगावरून, आकारावरून झालेली बरीच: ग्राँ म्हणजे मोठा, ग्राँदीर मोठं होणे, रूज लाल, रूजीर लाल होणे. पण पार्तीर, दोर्मीर, सॉर्तीर पण आय-आरनेच संपतात आणि या साच्यात बसत नाहीत, "पार्तीसों" असं काही नसतं, नू पार्तों. ऊव्रीर म्हणजे उघडणे, हे तर दिसतं आय-आर आणि चालतं ई-आरसारखं: जूव्र.

एक खड्डा दाखवून ठेवते, "आताँद्र" दिसायला इंग्रजी अटेंडसारखं आहे पण अर्थ वाट बघणे. "जाताँ ल ब्युस", मी बसची वाट बघतेय.

लिहिताना वही तपासायची असेल तर: त्युच्या व्हर्बला शेवटी एस हवाच, नाहीतर "शकणे" आणि "हवं असणे" या व्हर्ब्सच्या रूपांसारखा एक्स. नूला ओ-एन-एस, अपवाद फक्त सॉम. वूला ई-झेड, अपवाद तीन, वूझेत, वू फेत, वू दीत. अनेकवचनी इल-एलला एन-टी, कायम. परीक्षेत पेपर द्यायच्या आधी शेवटची पाच मिनिटं फक्त एवढं तपासलंत तरी हातातून जाणारे मार्क वाचतात.

पायरी ६: नाही म्हणणं आणि विचारणं

व्हर्बच्या आधी "न" आणि मागे "पा". ज न पार्ल पा. बोलताना न गळतो, ज पार्ल पा. "मला माहीत नाही" हे पुस्तकात "ज न से पा" आणि रस्त्यावर चक्क "शे पा". लिहिताना मात्र न ठेवा.

प्रश्नाला सगळ्यात सोपं, वाक्य तेच, शेवटी सूर वर. आपण "येतेस?" म्हणतो तसंच. जरा नीट विचारायचं तर पुढे "एस्क" लावा, हा आपल्या वाक्याच्या शेवटच्या "का"सारखा समजा, फक्त तो सुरुवातीला येतो: "एस्क वू पार्ले फ्राँसे?" उलटापालट करून विचारायची तिसरी पद्धत आहे, ती वाचताना ओळखता आली की सुरुवातीला बास.

पायरी ७: एका टेन्सवर तिन्ही काळ

हे मला फार आवडतं. आलेचा प्रेझेंट आणि पुढे मूळ व्हर्ब, झाला भविष्यकाळ: ज वे माँजे, मी जेवणार आहे. व्हनीरचा प्रेझेंट, मग "द", मग मूळ व्हर्ब, झालं "नुकतंच": ज व्यँ द माँजे, मी आत्ताच जेवले. म्हणजे दोन व्हर्ब्सचा प्रेझेंट पक्का असेल तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत तुम्ही नुकतंच झालेलं, आत्ता चाललेलं, उद्या होणारं सगळ्यावर बोलू शकता. आणि नूचं रूप नीट पाठ ठेवा, पुढे अपूर्ण भूतकाळ शिकाल तो त्याच्यावरूनच तयार होतो, एत्र सोडून.

सराव कसा कराल

रोज २० मिनिटं पुरे, पण रोज. पहिला आठवडा फक्त ई-आर आणि चार मोठी माणसं. दुसऱ्यात व्यंजनाच्या जोड्या, एकाने मराठीत "तो विकतो, ते विकतात" म्हणायचं, दुसऱ्याने फ्रेंचमध्ये, एकटे असाल तर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून. तिसऱ्यापासून रात्री झोपताना दिवसभरात काय केलं ते दहा वाक्यांत, सगळं प्रेझेंटमध्ये, मोठ्याने. टीव्ही-फाइव्ह मोंद या फ्रेंच चॅनेलच्या साइटवर ए-वनचे व्हिडिओ आणि सराव फुकट आहेत, तिथे एक व्हिडिओ तीनदा ऐका आणि फक्त इल की अनेकवचनी इल एवढंच ओळखा, बाकी शब्द नाही कळले तरी चालेल. पुण्या-मुंबईत असाल तर आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत क्लास आणि डेल्फ दोन्ही होतात, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्येही विद्यापीठाचे फ्रेंचचे कोर्स आहेत.

ही वाक्यं आधी स्वतः करा, उत्तरं झाकून ठेवा.

मी चहा पितेय. बाबा झोपलेत. आम्ही २ वर्षांपासून नाशिकला राहतो. मुलं गृहपाठ करतायत. मी नुकतीच आले. तू आलास तर आम्ही निघतो. तुम्ही काय करता? त्यांना माहीत नाही.

ज ब्वा द्यु ते.
मों पेर दोर.
ओंनाबित आ नाशिक दप्वी दझाँ.
लेझाँफाँ फों लर दव्वार.
ज व्यँ दारिवे.
सी त्यु व्यँ, ओं पार.
केस्क वू फेत?
इल न साव पा.

दुसऱ्या वाक्यात "दोर्म" म्हटलं असेल तर पायरी २ परत वाचा, शेवटच्यात "से" म्हटलं असेल तर पायरी ५.